यंदाचा सर्वोत्तम प्रशिक्षक

“हातातली फायनल घालवणाऱ्या बाईला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणायचं? लोक हसतील आपल्याला!” जिल्हा खो-खो संघटनेचे अध्यक्ष बाबर म्हणाले.

चिटणीस मोमीन यांचं मत मात्र ओतारी मॅडमनाच होतं. फायनलच्या सकाळी मॅडमच्या हुकमी खेळाडूचा गुडघा सुजला होता. खेळवा म्हणून ती रडत होती, तरी मॅडमनी तिला बाहेर बसवलं आणि संघ एका गुणाने हरला.

“गुडघा खरमाटे सरांच्या संघातल्या पोरीचाही दुखत होता,” बाबर म्हणाले. “सरांनी इंजेक्शन देऊन तिला उतरवलं आणि करंडक आणला. याला म्हणतात जिद्द!”

तिसरं मत नलूताई पाटण्यांचं होतं. ऑफिसच्या भिंतीवर त्यांचा जुना फोटो लावलेला होता. विशीतली नलू राज्य अजिंक्यपदाचा करंडक डोक्यावर धरून हसत होती. त्यामुळे त्या खरमाटेंच्याच बाजूने बोलणार, हे बाबरांनी धरूनच ठेवलं होतं.

“माझं मत ओतारीला,” नलूताई म्हणाल्या. “ही फोटोतली फायनल मीही इंजेक्शन घेऊनच खेळले होते.”

“मग? जिंकलात की! तुमच्या सरांना त्या वर्षी हाच पुरस्कार मिळाला.”

“मिळाला ना. अख्खा संघ गेला होता टाळ्या वाजवायला.” नलूताईंनी खुर्चीला टेकवलेली काठी हातात घेतली. “मी तेवढी नव्हते. त्या दिवशी माझं ऑपरेशन होतं.”