नववी सेटिंग

सरकारी ऑफिसचा डेटाबेस सर्वर रडतखडत चालायचा. तो जोरात पळावा म्हणून तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दामिनीने फाइल सिस्टीमच्या आठ सेटिंग बदलल्या, पण नववीला मुद्दाम हात लावला नाही.

"हे काहून सोडली?" साहेबांनी विचारलं.

"कोणती फाइल शेवटची कधी उघडली, ते ती लिहून ठेवते, सर."

"कोणाले पाहिजे ते? बंद कर. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

दाराशी एकोडी गावच्या सत्यभामाबाई उभ्या होत्या. गावतलावाची पाळ खचली म्हणून त्यांनी अर्ज दिला होता. दोन वर्षं साहेबांचं एकच उत्तर होतं, "सर्वर स्लो आहे, बाई. तुमचा अर्ज उघडूनच नाही राहिला."

दामिनीने स्क्रीन दाराकडे फिरवला.

"मावशी, तुमचा अर्ज साहेबांच्या पासवर्डबिगर उघडत नाही. अन् तो परवा दुपारी सव्वातीनले उघडला होता."

एवढं बोलून तिने स्वतःच आपली पिशवी खांद्याला लावली.

सत्यभामाबाई आत आल्या, साहेबांसमोरची खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

"मंग सांगा साहेब, वाचून काय वाटलं?"