अमागासाकीची कॅसेट

कॅसेट संपली तरी इक्केई डोळे मिटून तसाच बसला होता. मग एकदम उठला.

"बघा! असलं गाणं आता कुणाच्या बापाला सुचणार नाही. हे त्र्याऐंशी सालीच सुचू शकतं."

"कुणाचं म्हणालीस?" ड्रमवाल्या शूगोनं विचारलं.

"हागाने," गिटारवाली होनामी म्हणाली. "अमागासाकीचा बँड होता. एवढी एक कॅसेट काढली आणि मोडला. जुन्या बाजारात मिळाली मला."

चेहरा तिनं इतका सरळ ठेवला, की विचारू नका. कारण हागाने नावाचा बँड कधी नव्हताच! गाणं तिचं होतं. चाल तिची, शब्द तिचे, गिटार तिची. ड्रमसुद्धा तिनंच बडवले होते, म्हणून ते मध्येमध्ये अडखळत होते, आणि इक्केई नेमका त्यावरच फिदा झाला होता. आवाजही तिचाच, फक्त टेप जरा सावकाश फिरवून पुरुषी केलेला. या कॅसेटवरून त्या कॅसेटवर, तिच्यावरून तिसरीवर असं उतरवत गेली, तेव्हा कुठे ती जुनी खरखर आली. गाण्याचा शेवट मात्र तिला ड्रमवर काही केल्या जमेना. डोक्यात पक्का होता, पण शेवटी तो कॅसेटवर घातलाच नाही. गाव अमागासाकी घातलं, कारण लहानपणी ती तिथे राहायची, तेवढंच एक नाव पटकन तोंडात आलं.

एवढा उपद्व्याप कशाला? तर इक्केईमुळे. त्यांचा बँड, ओनिगावारा, जुन्या वळणाचं हेवी मेटल वाजवायचा. घट्ट विजारी, मनगटाला खिळ्यांचे पट्टे, सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं. होनामीलाही ते मनापासून आवडायचं. पण तिनं स्वतःचं काही आणलं, की गाणारा आणि बँडचा कारभारी इक्केई नाक मुरडायचा. "छान आहे गं. पण आजचा वास येतो."

"अरे, आपण बँड चालवतोय की म्युझियम?" शूगो चिडवायचा.

"म्युझियम तर म्युझियम. लोक तिकीट काढून येतात ना?"

आता ओनिगावाराची नवी रेकॉर्ड निघणार होती. तिच्यावर एक तरी गाणं आपल्या नावानं असलं पाहिजे, नाहीतर आपण जन्मभर दुसऱ्यांचं उष्टंच वाजवत बसणार, हे होनामीच्या मनानं घेतलं होतं. गाणं आधी गाजू द्यायचं. मग कार्यक्रमानंतर सगळे प्यायला बसतील तेव्हा चारचौघांत सांगून टाकायचं. तरीही इक्केई नाही म्हणाला, तर बँडला रामराम.

गाणं गाजलं! ओसाकातल्या एका तळघरातल्या कार्यक्रमात लोक पहिल्यांदाच ऐकत होते, तरी दुसऱ्या कडव्याला मुठी वर करून गात होते. इक्केई माइकमध्ये ओरडला, "हे हागानेसाठी!" तेव्हा होनामीला हसू आवरेना.

नंतर नेहमीच्या ठिकाणी सगळे बसले. काड्यांवरची कोंबडी आली, बियरचे ग्लास आले. होनामी घसा खाकरून उठणार, तेवढ्यात गळ्यात टॉवेल टाकलेले एक काका टेबलापाशी आले आणि कमरेत वाकले.

"मी निशिबे. ते तुमचं शेवटून दुसरं गाणं... ते आमचं. ड्रमवर मी असायचो."

त्यांचे डोळे भरले होते. इक्केई ताडकन उभा राहिला. "तुम्ही? हागानेचे? बसा, बसा ना! शूगो, सरक की जरा!" आणि दोन्ही हातांनी बियर ओतायला लागला.

होनामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुकट बियरसाठी माणूस इतकं खोटं बोलतो?

"काका, माफ करा," ती म्हणाली, "पण हागाने नावाचा बँड कधी नव्हताच. ते गाणं माझं आहे. माझ्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलंय, याच वर्षी."

तिनं भडाभडा सगळं सांगून टाकलं. ड्रम, टेप, खरखर, सगळं.

आधी शूगो खो खो हसत सुटला. इक्केईच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "घे! येतोय का आजचा वास?"

इक्केई कानापर्यंत लाल झाला होता. मग त्यानं मान खाली घातली. "चुकलो. रेकॉर्डवर पहिलं गाणं तेच. तुझ्या नावानं."

लोकांनी टेबल बडवलं. होनामीला तर रडूच आलं. जिंकली की पोरगी!

निशिबे काका मात्र जागचे हलले नव्हते. चिडलेही नव्हते.

"हागाने हे नाव मीही आजच ऐकलं," ते म्हणाले. "आमचा बँड नाव ठेवायच्या आतच मोडला. कॅसेट वगैरे काही काढली नाही. मी फक्त विचारायला आलो होतो, की शेवट का कापलात?"

"कुठला शेवट?" होनामीनं विचारलं.

काकांनी चॉपस्टिक उचलल्या, ताटलीच्या काठावर ठेका धरला आणि गुणगुणायला लागले. होनामीच्या हातातला ग्लास तसाच राहिला. चाल वर चढली, एक मात्रा थांबली, मग दोनदा खाली आली. कुणालाच कधी न ऐकवलेली, तिच्या डोक्यात होती तश्शीच्या तशी.

"हे... हे तुम्हाला कुठून..."

"आमच्या ओकुनोचं हे. गिटारवर असायचा. मला वाटलं, तुम्ही ओळखत असाल त्याला." काकांनी डोळे पुसले. "पुढे गिटार सुटली आणि तो तिकडेच, अमागासाकीत, बालवाडीची बस चालवायला लागला. रोज सकाळी पोरं गोळा करताना हेच गायचा, आणि मागे बसलेली चिल्लीपिल्ली त्याच्याबरोबर."