आक्काची ओळख

"भावाचं नाव काय, आई?"

"सोपानराव."

"धाकट्या भावाला कुणी राव म्हणतं होय? सोपाना म्हणायचं."

"हो."

"हो नाही, व्हय. सोसायटीत राहून बोली विसरलीस बघ."

"व्हय," म्हातारी म्हणाली. जयदीप स्टिअरिंगवर हात मारून हसला.

गाडी कासारवाडी सोडून चाकणच्या रस्त्याला लागली. जयदीपची बायको मिनल मागं म्हातारीजवळ बसली होती. सकाळपासून हीच उजळणी चालली होती. माहेरचं गाव, वडलांचं नाव, घरामागचा उंबर. उत्तर चुकलं की जयदीप न चिडता पुन्हा सांगे. त्याच्या न चिडण्याचीच म्हातारीला भीती वाटत होती.

तिच्या अंगावरचं ब्लाऊज सैल होतं. लुगड्याला औषधाचा वास येत होता.

"वाळलात तुम्ही, आई," मिनलनं पदर सारखा केला. "परवा एक फ्रेंच सिनेमा बघितला. असाच एकजण म्हातारीला गाडीत घालून देशभर हिंडतो. वाटेत भांडतात काय, जेवतात काय. हसून पोट दुखलं माझं."

"शेवटी घरी जाते का ती?"

"मला झोप लागली."

जयदीपनं आरशातून बायकोकडं पाहिलं. "सिनेमा पुरे."

चहाला थांबले तेव्हा टपरीवाली बाई कौतुकानं बघत राहिली. जयदीप बशीत फुंकर घालून म्हातारीला चहा पाजत होता.

"विसरायला होतं तिला," तो म्हणाला. "मामाला भेटवायला नेतोय. वीस वर्षं बोलणं नाही."

"असा लेक मिळायला पुण्याई लागते, आजी."

म्हातारीनं बशीतला उरलेला चहा संपवला.

चाकणपलीकडची बहीणभावाच्या नावावरची सामाईक जमीन विकायची होती. घेणारा पक्का होता. कागद कुणीही आणतं, म्हणाला. दोघं भावंडं माझ्यासमोर बसू देत, एकमेकांना ओळखू देत, मग बोलू.

कंपन्यांच्या भिंती संपल्या. रस्त्यावर माणूस दिसेना.

"मला परत सोडशील ना रे?" म्हातारीनं विचारलं.

"ओळख पटू दे आधी."

"आणि न्हाई पटली तर?"

जयदीपनं काच वर घेतली.

शेतातल्या पत्र्याच्या खोलीत घेणारा खुर्चीवर बसला होता. सोपानरावांचा मुलगा शेखर वडलांना दंडाला धरून घेऊन आला. त्यानं त्यांना खाटेवर बसवलं, पण दंड सोडला नाही.

म्हातारीचं पाठ केलेलं सगळं पुसून गेलं. सोपानरावांनी डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. मग शेखरकडं. मग पुन्हा तिच्याकडं.

"आक्का," ते म्हणाले, "किती वाळलीस गं. भामा नदीच्या पुरातनं मला कडंवर घिऊन आलीस, तवा कशी वाघीण हुतीस."

तिच्या जिवात जीव आला. "सोपाना," म्हणत तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. दोघं हमसून रडू लागली. मिनलनं डोळ्यांना पदर लावला. घेणाऱ्यानं समाधानानं मान हलवली. जयदीपनं घाम पुसला, शेखरनंही.

तिला घट्ट धरून सोपानरावांनी तोंड तिच्या कानाशी नेलं.

"मला मजूर अड्ड्यावरनं आणलंय, बाई," ते पुटपुटले. "तुमाला कुठनं?"