रक्त दिसलं तर

बार झाला, धूळ उडाली आणि हरणाच्या जातीचा, पीळदार शिंगांचा तो कुडू काटेरी झुडपांत नाहीसा झाला.

“लागली का?” वर्न टोलेफसनने विचारलं. आपलाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

“काय सांगावं!” हेनिंग म्हणाला. रान हेनिंगचं होतं आणि शिकारीला येणारे पाहुणेही त्याचेच. “चला, रक्त दिसतंय का बघू.”

नियम साधा होता आणि नामिबियात सगळीकडे तोच चालतो. रक्ताचा एक थेंब जरी सापडला, तरी जनावर तुमचं. ते हाती लागो न लागो, त्याचे पैसे गेले. रक्त नसेल तर नेम चुकला असं धरायचं आणि पुन्हा बंदूक उचलायची. वर्नने एकाच कुडूचे पैसे भरले होते. दुसऱ्याचे त्याच्याकडे नव्हते, पुढेही कधी जमणार नव्हते. आणि उद्या दुपारी परतीचं विमान होतं.

म्हणून तो डोळे फाडून रक्त शोधत होता आणि ते सापडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. जखमी जनावर रानात सोडून जाणं हे पाप, हे त्याला बापाने लहानपणीच शिकवलं होतं. स्वतःची लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून मन थोडंच ऐकतं? जमिनीवर कुठे लाल खडा दिसला तरी त्याच्या छातीत धस्स व्हायचं.

मिनेसोटातल्या त्यांच्या गावात लोक थट्टा करत, की टोलेफसनांच्या घरी पावाला लोणी लावायचं तरी आधी कुडूला विचारावं लागतं. खोटं नव्हतं ते. वर्न हिवाळ्यात सरकारी रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवायचा. त्याची बायको लॉइस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बारा वर्षं दोघांनी पोटाला चिमटा घेतला. मोटारीचा हीटर बंद पडला तो पडलाच. लॉइस मांडीवर घोंगडी टाकून कामाला जायची. दाढ दुखायला लागली तेव्हा डॉक्टरने ती वाचवायचा खर्च सांगितला. लॉइसने दाढ उपटून घेतली. “पुढचा दात असता तर विचार केला असता,” ती हसत म्हणाली होती. ‘आधी कुडू, मग बाकीचं’ हे वाक्य मूळचं तिचंच. वर्नने दोनदा सगळं सोडून द्यायचं ठरवलं, दोन्ही वेळा तिनेच त्याला गप्प बसवलं. तिने स्वतः जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. नवऱ्याचं एक स्वप्न होतं, तिला तेवढं पुरे होतं.

आताही ती गाडीत बसली नव्हती. स्वेटर काट्यांत अडकत होता, तरी तीही वाकून शोधत होती. जमीन दगडाळ, त्यात अख्ख्या कळपाचे खूर एकमेकांत मिसळलेले. माग काढणारा गर्सन पुन्हा पुन्हा मान हलवत होता. उजेड भराभर उतरत चालला होता.

शेवटी हेनिंगने टोपी काढून घाम पुसला. “नेम चुकला, वर्न. रक्ताचा थेंबसुद्धा नाही. पहाटे परत येऊ. विमानाआधी एक संधी मिळेल तुला.”

वर्न वेड्यासारखा हसला. गाडीच्या मागच्या उघड्या भागात चढून त्याने लॉइसला वर घ्यायला हात दिला. तिने डावा हात पुढे केला. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती.

“काटा रुतला का गं?”

“नाही. काही नाही.”

गाडी निघाली तसं त्याने तिची बोटं एकेक करून उघडली. आत चुरगळलेलं एक पान होतं. पानावर रक्त होतं.

“थोडं पुढं होतं, झुडपाच्या आतल्या बाजूला,” ती त्याच्या कानाशी कुजबुजली. “मी कुणाला दिसू दिलं नाही. तुला अजून एक सकाळ मिळाली, वर्न. आता गप्प राहा. माझी शपथ आहे तुला.”

दुकानातल्या पोरीने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत करायला हीच बाई भर बर्फात माघारी गेली होती. वर्नला तिच्याकडे बघवेना. त्याने पान उरल्यासुरल्या उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही मुठींनी तो गाडीच्या टपावर धडाधड मारायला लागला.

गाडी थांबली. हेनिंग खाली उतरला. वर्नने पान त्याच्यापुढे केलं.

“मला सापडलं होतं. मी लपवलं.”

लॉइसने तोंड उघडलं. वर्नने तिचा हात इतका दाबला, की तिला बोलता आलं नाही.

हेनिंग पान घेऊन गाडीच्या दिव्यासमोर गेला. मागे झुडपांत कोल्हा ओरडला, त्याला दुसऱ्याने साथ दिली.

“गाडी वळव, गर्सन! कोल्हे पोचायच्या आत गाठलं पाहिजे,” हेनिंग ओरडला. मग वर्नकडे वळून त्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “फेस आहे या रक्ताला. थेट फुप्फुसातलं आहे. तुझी गोळी बरोबर जागी बसली होती, जनावर तिथंच शंभर पावलांच्या आत मरून पडलंय. पैसे लोक लपवतात, चुका लपवतात. स्वतः मारलेला कुडू लपवणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय.”