खोटी आई

“वहिनी, शुभ बोलावं माणसाने. लेकुरवाळीने असलं सोंग घेऊ नये,” नणंदेने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. डॉक्टरांच्या प्रशिक्षणात मी खोटी आई व्हायचे. ‘तुमच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे’ हे मला कसं सांगायचं, याचा ते सराव करायचे आणि मी गुण द्यायचे.

आज लेकीचे रिपोर्ट घ्यायला गेले, तर समोर मी एकदा नापास केलेले डॉक्टर. त्यांनी फोन बंद केला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हलक्या आवाजात विचारलं, “ताई, सोबत कोणी आलंय?”

“आज काहीच चुकलं नाही तुमचं, डॉक्टर,” मी सवयीने बोलून गेले. त्यांनी मान खाली घातली.

“लेक बाहेर बाकावर एकटीच बसली आहे. मला उठवत नाहीये. जरा बघाल का तिच्याकडे, डॉक्टर?”