नववी चाल

क्लबच्या बुद्धिबळ स्पर्धेत ग्रंथपालबाई पहिले तिन्ही डाव हरल्या होत्या. चौथ्यात मात्र सुरुवातीच्या आठ चाली त्यांच्या हातून आपोआप झाल्या. कधी न शिकलेल्या, तरी अचूक. हायसं वाटण्याऐवजी त्या प्रत्येक चालीनंतर स्वतःच्याच हाताकडे बघू लागल्या.

नवव्या चालीला समोरचा औषधविक्रेता भडकला. त्याने पंचांना बोलावलं. "यांना मागून चाली सांगताहेत, तेही माझ्या नाकावर टिच्चून!"

"अहो, मला कोण सांगणार?" बाई रडकुंडीला आल्या.

पंचांनी बाईंच्या मागे पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, डाव चालू असताना बोलायचं नाही. बाजूला व्हा बघू."

बाई गर्रकन वळल्या. खुर्चीची पाठ भिंतीला चिकटलेली होती.

"अहो काका," पंचांनी आवाज चढवला, "आधी तो त्यांच्या खांद्यावरचा हात काढा."