रविवारचा पंखा
१९८३चा ऑगस्ट. अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँड गावात धर्मराजच्या घरातला एसी शनिवारी संध्याकाळी बंद पडला आणि रिपेअरवाला सोमवारी येणार होता. बायकोचं, शीलाचं बाळंतपण नुकतंच झालेलं. आठ दिवसांची मुलगी घामोळ्यानं लाल होऊन रडत होती. रविवारी दुपारी तो नागपूरहून आलेल्या आईला घेऊन दुकानात गेला. टेबलफॅन समोरच होते, पण त्यांच्यापुढे दोरी बांधलेली. "सॉरी, पंखा आज विकता येत नाही," काउंटरवरची बाई म्हणाली. "लोकांनी रविवारी चर्चला जावं म्हणून जुना कायदा आहे." "घरी तान्हं बाळ आहे हो!" "कायदा मी नाही केलेला, हनी." धर्मराजनं मॅनेजरला बोलावलं, आवाज चढवला, आम्ही बौद्ध आहोत हेही सांगितलं. मॅनेजरनं नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात मागच्या माणसानं बिअरचं खोकं काउंटरवर ठेवलं आणि बाईनं ते हसत विकलं. आई बघतच राहिली. नागपुरात वस्तीतल्या बायका जमवून तिनं दारूचा गुत्ता बंद पाडला होता, त्यासाठी मारही खाल्ला होता. "ही विकता येते?" तिनं विचारलं. "दुपारी बारानंतर येते, आई. पंखा येत नाही." आई दोरी ओलांडून पंख्यांजवळ गेली, पदर खोचला आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसली. "आई, ऊठ ना, प्लीज. पोलीस येतील." "येऊ देत," आई म्हणाली. "तू घरी जा, शीला एकटी आहे."